गोड्या पाण्याच्या टँकरची चाकं

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी अकोल्यातल्या घरी सहामाहीच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो, तेव्हा गावाकडून शेजारच्या काकांचा फोन आला. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. काकांचं शेत आमच्या शेताला लागून आहे आणि बाबा गेल्यापासून आमचं शेतही तेच करतात.

"मास्तर, तुमचा टँकर गोठ्यामांगं तसाच उभा हाय. नेऊ का? तुरीवर फवारा माराचा हाय अन् बोअरच्या पान्यात दवाई फाटून राहिली."

आमच्या भागात जमिनीखालचं पाणी खारट. पिता येत नाही आणि फवारणीचं औषध त्यात कालवलं तर दुधासारखं फाटतं. मी म्हटलं, न्या की, विचारता काय? पण काका म्हणाले, "तुमी या एकदा. मले वाट्टे त्याचे चाकं फिरत नाहीत."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी बस धरून दर्यापूरला आणि तिथून ऑटोनं गावात गेलो. गोठ्यामागे टँकर होता. लोखंडी टाकी, दोन चाकं, पुढे ट्रॅक्टरला जोडायचा दांडा. भोवती गाजरगवत कमरेइतकं वाढलेलं. काळ्या मातीत चाकं वीतभर रुतली होती. काकांनी ट्रॅक्टर लावला, खीळ टाकली आणि हळूच पुढे घेतला. टँकर हलला, पण चाकं जागची फिरली नाहीत. नांगरासारखी दोन तासं पाडत ती घसरत आली. काकांनी लगेच थांबवलं.

"जाम झाले, मास्तर. ब्रेक वढून ठेवला व्हता का?"

दांड्यावरचा हातब्रेक पूर्ण ओढलेला होता. तो मीच ओढला होता. बाबांच्या तेरवीनंतर, घराला कुलूप लावण्याआधी, टँकर कुठे घरंगळू नये म्हणून. त्याला सहा वर्षं झाली होती आणि सहा पावसाळे त्याच्यावरून गेले होते.

मी ब्रेकचा दांडा खाली पाडला. तो पडला, पण पुढे काही झालं नाही. चाकाकडे जाणारी तार तिच्या नळीतच गंजून बसली होती.

ट्रॅक्टरमागच्या पाण्याच्या टँकरला सहसा ब्रेक नसतो. आमच्या टँकरला होता, आणि तो बाबांनी माझ्या ताईसाठी बसवून घेतला होता.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. ती अठरा वर्षांची असताना बाबा कापसाच्या भरल्या गाडीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. गावात तेव्हा नळ नव्हते. नदीपलीकडे एकच विहीर गोड्या पाण्याची होती. तिथून आम्ही टँकर भरून आणायचो, घरचं भागवायचो आणि उरलेलं गल्लीला द्यायचो. बाबा खाटेवर पडल्यावर पाणी कोण आणणार, हा प्रश्न दोन दिवस घरात होता. तिसऱ्या दिवशी ताईनं कॉलेजला जायच्या आधी ट्रॅक्टर काढला. कुणाला न विचारता. ती बाबांच्या शेजारी बसून बघून बघून शिकली होती.

आई दारातून ओरडली, "पोरीच्या जातीनं ट्रॅक्टर चालवला त सोयरीक येईन का कोनाची?"

बाबा आतून म्हणाले, "पानी त येईन."

मी मडगार्डवर बसून तिच्यासोबत जायचो. मला काही काम नसायचं. ती जाते म्हणून जायचो. जाताना टँकर रिकामा असायचा, काही वाटायचं नाही. येताना मात्र भरलेला टँकर पलीकडच्या उतारावरून नदीच्या पात्रात उतरवायचा, वाळूतून काढायचा आणि अलीकडच्या चढावर ओढून न्यायचा. एकदा उतारावर टँकरनं ट्रॅक्टरला मागून ढकललं. ट्रॅक्टरचे ब्रेक लागले होते, तरी तो आडवा होत चालला. ताईनं स्टिअरिंग सोडलं नाही. आम्ही खाली वाळूत जाऊन थांबलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, "घरी सांगशीन त पाह्य," म्हणाली, आणि मग उतरून टँकरभोवती एक चक्कर मारून आली.

मी घरी सांगितलं. बाबा रागावले नाहीत. त्यांनी पाय प्लास्टरमध्ये असतानाच दर्यापूरहून मिस्त्रीला बोलावून घेतलं, आणि पंधरा दिवसांत टँकरखाली एका भंगारातल्या मालवाहू टेम्पोचा मागचा अ‍ॅक्सल आला, दोन्ही चाकांना ब्रेकचे ड्रम आले, आणि ताईचा डावा हात मागे पोचेल अशा बेतानं दांड्यावर हातब्रेक आला. बाबांनी तो तिच्या हाताच्या मापानं कापून घेतला होता. ताईला बसवून, हात मागे करायला लावून.

नंतर बाबांचा पाय बरा झाला, पण पाणी ताईच आणत राहिली. लग्न होईपर्यंत.

लग्न होऊन ती पुण्याला गेली. घर चांगलं मिळालं. पण तिथे तिच्या बोलण्याला हसायचे. ती 'मले' म्हणाली की नणंद तोंडावर पदर घ्यायची. पहिल्या दोन-तीन वर्षांत ताईचं बोलणं पार बदललं. गावी आली की आईशीसुद्धा 'मला, तुला, येते, जाते' असं बोलायची, आणि आई मला हळूच म्हणायची, "पावनी आल्यावानी वाट्टे रे." पुण्यात तिनं कधी काही चालवलं नाही. भाऊजींची गाडी होती, ती तेच चालवायचे.

आई गेली, मग काही वर्षांनी बाबा गेले. बाबांनंतर शेत माझ्या नावावर करायचं होतं. ताईची सही लागत होती. मी फोन केला, ती एक शब्दही न बोलता आली. दर्यापूरच्या कचेरीत दुपारी तिनं हक्कसोडीच्या कागदावर चार ठिकाणी सह्या केल्या. मी तिला चहा पाजला आणि संध्याकाळच्या गाडीसाठी मूर्तिजापूरच्या स्टेशनवर सोडलं. त्यानंतर ती आली नाही. राखी पोस्टानं यायची, दिवाळीला फोन व्हायचा. ती बरा आहेस ना विचारायची, मी बरा आहे म्हणायचो.

म्हणून त्या शनिवारी मी आधी दर्यापूरच्या मिस्त्रीला फोन लावला. त्यानं सरळ सांगितलं, "सर, कापसाच्या गाड्या लागल्या हायेत दारात. गुरुवारच्या पयले जमत नाही." काकांची फवारणी अडली होती. त्यांनी टायरवर लाथ मारून पाहिलं आणि म्हणाले, "तुमची ताई असती त आतापर्यंत खोललं असतं."

मी गोठ्याच्या सावलीत गेलो आणि ताईला व्हिडिओ कॉल लावला. ती स्वयंपाकघरात होती. माझं तोंड अवेळी दिसल्यावर ती घाबरली.

"काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. टँकर जाम झालाय."

"कुठला टँकर?"

मी फोन फिरवून तिला टँकर दाखवला. तिच्याकडे गॅसवर काहीतरी चुरचुरत होतं, ते तिनं बंद केल्याचा आवाज आला.

"जवळ ने," ती म्हणाली. "चाकाजवळ. अजून खाली. ब्रेक ओढून ठेवला होतास?"

"हो."

"बाबा काय सांगायचे? उभ्या गाडीला ब्रेक लावायचा नाही, चाकाखाली दगड लावायचा. पावसाळ्यात तर मुळीच नाही. आतले लायनर, ब्रेकच्या पट्ट्या, ड्रमला चिकटून बसतात."

"मी विसरलो."

"विसरला नाहीस. तू लक्षच देत नव्हतास. मडगार्डवर बसून बोरं खायचास." मग ती म्हणाली, "तार काप आधी. दोन्हीकडची. ती काही सुटायची नाही आता."

काकांनी पक्कड आणली. मी तारा कापल्या. मग ताई एकेक सांगत गेली आणि आम्ही करत गेलो. उजव्या चाकापासून सुरुवात केली. दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून दगड लावले. जॅक मातीत रुतत होता, म्हणून त्याच्याखाली फळी टाकली. त्याआधी चाकाच्या नटांवर डिझेल सोडून तासभर वाट पाहिली. तेवढ्यात तिनं तिकडे जेवणं वाढली आणि परत फोन केला. चाक निघालं. आतला ड्रम विटेसारखा लाल झाला होता.

"हातोडा मारू का?" काकांनी विचारलं.

"नका मारू, काका!" ताई फोनमधून ओरडली. "बीड हाय ते, ओतीव लोखंड, फुटन!"

काका हसले. मी फोनकडे पाहिलं. ती बोलून गेली होती आणि तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"ड्रमवर दोन भोकं हायेत. समोरासमोर. मातीनं बुजले असतीन. खिळा घे अन् कोर."

भोकं सापडली. त्यांना आतून आटे होते. बाबांच्या पेटीत बसतील असे दोन बोल्ट निघाले. ते आत पिळले की ड्रम बाहेर ढकलला जातो, असं ताईनं सांगितलं. "पन एकदम पिळू नको. एक आटा अठी, एक आटा तठी. मंग लाकडाचा ठोकळा ठेव अन् काठानं ठोकत जाय. गोल फिरत ठोक, एकाच जागी नाही."

मी ठोकत होतो आणि ती ऐकत होती. फोन काकांनी ड्रमजवळ धरला होता. आवाज बद्द येत होता, पोतं बडवल्यासारखा. मी पिळायचो, ठोकायचो, परत पिळायचो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "थांब. आवाज बदलला. अजून एकदा मार." मी मारलं. मला फरक कळला नाही. तिला पुण्यात बसून कळला. पुढच्या दोन आट्यांत ड्रम कर्रर्र करत बोटभर सरकला आणि मग हातात आला.

आत सगळी लाल-काळी भुकटी होती. मी फुंकायला तोंड नेलं.

"फुकू नको! नाकातोंडात जाते. ओलं फडकं घे."

मी ओल्या फडक्यानं पुसलं. लायनर तुकडे होऊन ड्रमलाच चिकटले होते. बेअरिंग डिझेलमध्ये धुतली, नवीन ग्रीस भरलं. ड्रम खरवडून साफ करून परत चढवला, चाक बसवलं आणि हातानं फिरवलं. ते फिरलं. फोनमध्ये ताईचा चेहरा अगदी जवळ आला होता, कपाळ आणि डोळेच दिसत होते.

"पाह्य," ती म्हणाली. एवढंच.

डाव्या चाकानं मात्र दाद दिली नाही. रविवारी सकाळी पुन्हा लागलो तर एक बोल्ट भोकातच तुटला. सोमवारी मला शाळा होती. मी ताईला फोन करून सांगितलं की आता गुरुवारी मिस्त्रीच येईल, तो बघेल.

तिनं बोल्ट कुठल्या भोकात तुटला ते विचारलं. मग म्हणाली, "मिस्त्रीले बोलावू नको. मी येतो."

आमच्याकडे बायाही 'येतो, जातो' म्हणतात. पुण्याला गेल्यापासून ती कायम 'येते' म्हणत आली होती. मी विचारलं, "एकटीच?"

"मंग काय, वरात आनू?"

काकांनी फवारणी आठवडाभर पुढे ढकलली. शुक्रवारी सकाळी ती अकोला स्टेशनवर उतरली. मी शुक्रवार-शनिवारची रजा टाकून गेलो होतो. सहा वर्षांत ती जरा जाड झाली होती आणि केस पुढून पांढरे झाले होते. हातात एकच पिशवी होती, तिच्यात दोन जुने पंजाबी ड्रेस आणि माझ्या बायकोसाठी बाकरवडी. घरी तिनं अंघोळ केली, चहा घेतला आणि लगेच विचारलं, "बस केव्हा हाय?"

बसमध्ये ती खिडकीशी बसली. दर्यापूर जवळ यायला लागलं, तशी दोन्ही बाजूंना तूर फुलावर आलेली, पिवळी दिसायला लागली. एकदा फक्त म्हणाली, "पऱ्हाटी कमी झाली नाही का रे?" मी म्हटलं, हो, कापसापेक्षा सोयाबीन जास्त पेरतात आता.

घराचं कुलूप मी काढलं. ती उंबऱ्यात थांबली नाही. सरळ आत गेली, मागच्या दारातून बाहेर पडली आणि टँकरजवळ गेली. डाव्या चाकाच्या मागे खाली वाकून, मग आडवी होऊन तिनं बॅटरीचा उजेड पाडला. मागच्या पत्र्याला एक चीर होती, तिच्यात गंजकं तेल सोडलं आणि पेचकस घालून काहीतरी फिरवायला लागली. ब्रेक आवळायचं-सैल करायचं चक्र तिथे असतं, म्हणाली. ते एक दातासुद्धा फिरेना.

"राहू दे, भिजू दे," ती म्हणाली आणि उठून बसली. तिच्या पाठीला गाजरगवत चिकटलं होतं.

काकूंनी चहा पाठवला. आम्ही गोठ्याच्या ओट्यावर बसलो. काका ट्रॅक्टरात डिझेल टाकायला गेले होते. आम्ही दोघंच होतो म्हणून असेल, किंवा ती शेजारी बसली होती म्हणून असेल, मी बोललो.

"ताई, त्या सहीचं तुझ्या मनात आहे ना अजून?"

तिनं कप खाली ठेवला. "कोनत्या?"

"हक्कसोडीच्या."

"नाही."

"मग तू आली का नाहीस सहा वर्षं?"

ती माझ्याकडे न बघता बोलली. "सही म्या मनानं देल्ली. बाबाची जमीन तूच करशीन, मी पुन्यात बसून काय करू? त्याचा राग नाही मले. राग याचा हाय की त्या दिवशी तू मले घरी आनलं नाही. कचेरीतून परस्पर टेशनवर नेलं. बारा किलोमीटर होतं रे गाव. मी पिशवीत साडी आनली होती रात्री राहाले. मले वाटलं, तू म्हनशीन."

मला त्या दिवशीची तिची पिशवी आठवली. मी ती स्टेशनवर उचलून डब्यात ठेवली होती. एका दिवसाच्या कामाला आलेल्या माणसाच्या पिशवीपेक्षा ती जड होती, आणि तेव्हा मी त्याचा विचार केला नव्हता.

"तू काहून नाही म्हटलं?" तिनं विचारलं.

मी खरं सांगितलं. घर बंद होतं, धूळ होती, तिला रडू येईल, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं होतं. पण खरं तर मला भीती वाटत होती. सही केल्यावर ती या अंगणात उभी राहिली असती आणि तिनं नुसतं इकडेतिकडे पाहिलं असतं, तरी मला तिच्यासमोर उभं राहता आलं नसतं.

"बह्याड हायेस," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी घर पाहाले नव्हती येत. तेरवीले घर मानसानं भरलं होतं. मले बाबा गेल्यावर एकदा अठी निवांत झोपाचं होतं. बस."

तिनं उरलेला चहा संपवला, हात झटकले आणि पुन्हा चाकाखाली गेली.

संध्याकाळपर्यंत चक्र चार दाते फिरलं. आम्ही तिथेच थांबवलं. त्या रात्री ती बाबांच्या खोलीत झोपली आणि मी ओसरीवर. तिचा दिवा किती वेळ चालू होता मला माहीत नाही, मला लवकर झोप लागली.

शनिवारी सकाळी काका ट्रॅक्टर घेऊन आले. ताईनं डावं चाक घट्ट बसवायला सांगितलं. "नुसत्या ड्रमले जोर पोचत नाही. चाक राहू द्या. चाकानंच सोडवू." टायरवर तिनं खडूनं रेघ ओढली आणि मला म्हणाली, "तू अठी उभा राहा. रेघ हलली का मले सांगजो." मग काकांकडे वळली. "काका, उतरा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ट्रॅक्टर नवा होता. मी खडूच्या रेघेपाशी जाऊन उभा राहिलो. काका उतरले.

ती चढली. सीटवर बसून तिनं गिअरच्या दोन्ही दांड्यांकडे पाहिलं, "याचा मागचा कोनता?" विचारलं, काकांनी दाखवला. तीस वर्षांनी ती ट्रॅक्टरवर बसली होती. ओढणी कमरेला बांधली होती आणि पायात काकूंच्या स्लीपर होत्या.

हातभर पुढे. थांब. हातभर मागे. थांब. झटका न देता, फक्त ताण देत. खडूची रेघ वर जायची नाही, खाली यायची नाही. टायर मातीवर घासत होता. मी हातानं नाही म्हणून खूण करायचो आणि ती मान हलवून परत मागे घ्यायची. काका म्हणाले, "क्लच जाईन माया." तिनं ऐकलं नसावं. पुढे, मागे. पुढे, मागे. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती मागे वळून चाकाकडे नाही, कुठेतरी खाली बघत होती. मला वाटतं ती ऐकत होती.

मग आतून कडाक आवाज आला, वाळलं लाकूड मोडल्यासारखा. रेघ हलली.

"फिरलं!" मी ओरडलो. "ताई, फिरलं!"

तिनं ट्रॅक्टर बंद केला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. मी जवळ गेलो, तर ती रडत होती. आवाज न करता. मी पायरीवर चढून तिच्या शेजारी मडगार्डवर बसलो. मला आता तिथे नीट बसता येत नव्हतं, गुडघे अडत होते. काका चाकाकडे वाकून उगाच नट बघत राहिले.

नंतरचं काम सोपं होतं. ड्रम निघाला. झिजलेले लायनर आम्ही काढूनच टाकले, ते परत बसवण्याजोगे नव्हते. ताईनं बेअरिंगमध्ये बोटांनी ग्रीस भरलं. तळहातावर गोळा घेऊन, बेअरिंग त्याच्यावर दाबून, दुसऱ्या बाजूनं ते शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत. मी करू का म्हटलं, तर नाही म्हणाली.

दुपारी तिनं विचारलं, "नदीपर्यंत नेऊन आनू का?"

आता वरच्या अंगाला पूल झालाय आणि त्या विहिरीवर जायचं ते पुलावरून. जुना रस्ता कुणी वापरत नाही. तिला मात्र जुन्याच रस्त्यानं जायचं होतं. रिकामा टँकर मागे खडखडत होता आणि दोन्ही चाकं फिरत होती. वेड्या बाभळी दोन्हीकडून इतक्या आत आल्या होत्या की मला मडगार्डवर वाकून बसावं लागलं. उताराच्या तोंडाशी तिनं ट्रॅक्टर थांबवला. पुढे रस्ता काटेरी झाडीत गेला होता.

"ब्रेक नाही," ती म्हणाली. "खाली नेता येत नाही."

पलीकडे विहिरीचा कठडा दिसत होता. त्याला कुणीतरी निळा रंग दिलेला. पात्रात पाणी कमी होतं आणि वाळू तर जवळपास नव्हतीच, सगळी उपसून नेलेली. आम्ही बराच वेळ तिथे थांबलो. मला तिला म्हणायचं होतं की अजून आठ दिवस राहा. तिकडे भाऊजींचं जेवण, सुनेचे दिवस भरत आलेले, हे सगळं मला माहीत होतं. मी म्हटलं नाही.

तिथून टँकर वळवायला जागा नव्हती, तो मागे घ्यावा लागणार होता. पहिल्यांदा तो आडवा होऊन बाभळीत घुसला. दुसऱ्यांदाही. तिनं शिवी दिली, बाबा द्यायचे ती. तिसऱ्यांदा तिनं सरळ मागे घेतला, पार वळणापर्यंत.

रविवारी मी तिला अकोल्याच्या स्टेशनवर सोडलं. तिच्या नखांत ग्रीस अजून होतं. डब्याच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "यंदा तुरीच्या शेंगांले बोलाव मले. हिरव्या असतीन तवा."

मी बोलावलं. जानेवारीत शेंगा भरल्यावर फोन केला. तेव्हा तिच्याकडे नातू होऊन महिना झाला होता आणि तिला निघता येत नव्हतं. शेंगा मी एका पोत्यात भरून पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. थोड्या कोमेजल्या होत्या, म्हणाली, पण मीठ घालून उकडल्या आणि सगळ्यांनी खाल्ल्या. मागे बाळ रडत होतं, म्हणून जास्त बोलता आलं नाही.